खान्देशातल्या उन्हात खत कुजत का नाही, आणि खड्ड्यातल्या जिवांचं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पारोळ्याला तुमचं नवं घर, मागे पंधरा बाय वीस फुटांचं परस. फेब्रुवारीत तुम्ही तीन फूट खोल खड्डा खणून घेतला आणि त्यात रोजचा भाजीचा कचरा नि कडुनिंबाचा पाला टाकत गेलात. मार्चमध्ये एक किलो गांडुळं विकत आणून सोडली, ती एप्रिलमध्ये मेली. आता जून उजाडला तरी पाला जसाच्या तसा आहे. वर मुंग्या आणि वाळवी, तळाला अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या, आणि एका कोपऱ्यात भला मोठा बेडूक. शेजारच्या काकू म्हणतात, बेडकामागं साप येतो. सासूबाई म्हणतात, बुजवून टाका. तुम्हाला खतही हवंय आणि परसात पाखरं-फुलपाखरंही यायला हवीत. आणि शेवटी विचारलंय की अळ्यांवर दाणेदार औषध टाकू का.

औषध टाकू नका आणि मनावर घेऊन खड्डाही बुजवू नका. तुमचं सगळं बिनसलंय ते पाण्यापायी. बाकी मुंग्या, वाळवी, मेलेली गांडुळं, न कुजलेला पाला ही त्याचीच लक्षणं.

गेली सव्वीस वर्षं मी जळगावात स्वतःच्या परसात आणि लोकांच्या बागांत खत करतोय. त्याआधीचं लहानपण रावेर तालुक्यात, गोठ्यामागच्या उकिरड्याशेजारी गेलं. आजी रोज संध्याकाळी न्हाणीतलं पाणी बादलीत भरून उकिरड्यावर ओतायची. मी विचारलं, हे कशाला, तर म्हणाली, "उकिरडाले बी तिस लागस, पोऱ्या." म्हणजे उकिरड्यालाही तहान लागते. पुढं कृषीची पुस्तकं वाचली, तेव्हा कळलं की तिनं एका वाक्यात सगळं सांगितलं होतं. पाला कुजवणारे जिवाणू पानावर पाण्याचा जो बारीक पापुद्रा असतो त्यात राहतात. ढिगातला ओलावा वजनाच्या पन्नास ते साठ टक्के असला की ते जोमात असतात, चाळीसच्या खाली गेला की मंदावतात, आणि त्याहून वाळलं की काम थांबतं. पुण्या-नाशिकचे लोक "आठवड्यातून एकदा पाणी शिंपडा" असं सांगतात ते त्यांच्या हवेला ठीक आहे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, दुपारचा वारा भट्टीसारखा लागतो. तिथं आठवड्यातून एकदा शिंपडलेलं पाणी वरचा पाला ओला करतं आणि संध्याकाळपर्यंत उडून जातं. खाली थेंब पोचत नाही. त्यात कडुनिंबाची पानं बारीक आणि कडक, वाळली की पापडासारखी होतात. ती तशीच वर्षभर पडून राहतील.

ओलावा बघायला यंत्र नको. ढिगात वीतभर खालून मूठभर माल काढा आणि जोरात पिळा. बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब आले तर बरोबर. धार लागली तर जास्त. काहीच न येता मूठ उघडल्यावर माल भुरभुरला तर ढीग तहानलेला आहे. तुमचा नक्की भुरभुरेल.

आता मृगाचा पाऊस तोंडावर आहे, म्हणून पहिलं काम वेगळंच करायचंय. खड्डा सोडून जमिनीच्या वर यायचं. उन्हाळ्यात खड्डा चांगला, कारण बाजूची माती ओलावा धरते. पण आपली काळी माती पाणी मुरू देत नाही. एक दणक्याचा पाऊस झाला की तीन फुटांचा खड्डा हौद होईल, आणि मग असा वास सुटेल की सासूबाईंचंच म्हणणं खरं ठरेल. हा धडा जुना आहे. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरच्या शेती संशोधन संस्थेत होते. तिथं त्यांनी यशवंत वाड यांच्याबरोबर खत करण्याची जी रीत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. त्यात कोरड्या दिवसांत खड्डे आणि पावसाळ्यात जमिनीवरचे ढीग अशीच विभागणी होती. इंदूर म्हणजे सातपुड्यापलीकडचं आपलं शेजारचं गाव, तीच काळी माती आणि तोच कापूस. म्हणून परदेशी पुस्तकांतल्या शंभर सूचनांपेक्षा ही रीत आपल्याला जास्त लागू पडते.

तर असं करा. कडुनिंबाच्या सावलीत, घराच्या भिंतीपासून निदान सहा-सात फूट लांब, जरा उंचवट्याची जागा बघा. सिमेंट न लावता नुसत्या विटा रचून तीन बाय तीन फुटांची चौकट करा, उंचीही तीन फूट. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी तुम्ही शेतात पाहिली असेल, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीला भोकंच भोकं. भोकं हवेसाठी. तेच तत्त्व इथं घ्या, पण घराजवळ वीतभर भोकं नकोत, विटांमध्ये बोटभर फट पुरते. तळाला तुरीच्या तुराट्या किंवा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या आडव्या-उभ्या पसरा, चार-सहा इंच. मग खड्ड्यातला सगळा माल काढून पाच किलो ताजं शेण वीस लिटर पाण्यात कालवून त्यात पाला बुचकळा आणि थर लावा. दोन घमेली वाळलेलं, एक घमेलं ओलं. वाळलं म्हणजे पाला, गव्हाचा भुसा, काड्यांची कुट्टी, ओलं म्हणजे भाजीचा कचरा, हिरवं तण, शेण. पुस्तकात कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण पंचवीस-तीसास एक असं लिहितात, घमेल्याच्या हिशेबानं साधारण तिथंच पोचतो. वर गोणपाट आणि त्यावर केळीची पानं किंवा जुना पत्रा. जोराचा पाऊस असेल तेव्हा पत्रा, एरवी गोणपाट.

तीन फुटांचा आकडा मुद्दाम सांगितला. त्याहून लहान ढीग स्वतःची ऊब धरत नाही. पूर्ण तीन फूट एकदम रचला आणि ओलावा बरोबर असला, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत ५५ ते ६० अंश चढतात, लोखंडी सळई खुपसून काढली तर हाताला चटका बसतो. तणाचं बी आणि रोगाचे बरेच जंतू या उष्णतेत मरतात. पंधरा दिवसांनी पालथा घालायचा, मग महिन्यानं पुन्हा, मग दिवाळीपर्यंत सोडून द्यायचा. रोज थोडं थोडं टाकत गेलात तर ढीग तापणार नाही, पण म्हणून बिघडत नाही. सहा-सात महिने लागतील एवढंच. घरी माणसं चार आणि कचरा रोज एक डबा असेल, तर एकदम रचायला माल कुठून आणायचा हा खरा प्रश्न आहे. तर शिमग्याच्या आगेमागे गल्लीत कडुनिंब-पिंपळाचा पाला झडतो आणि लोक तो पेटवून देतात. त्यांना सांगा, जाळू नका, माझ्या दारात टाका. मी दरवर्षी बारा-पंधरा गोण्या भरून ठेवतो, त्या पुढच्या शिमग्यापर्यंत पुरतात. सांगून बघा, लोक आनंदानं देतात, त्यांचा झाडण्याचा त्रास वाचतो.

आता आपल्या भागातला माल. पऱ्हाटी सगळ्यात मुबलक, पण लाकूडच ते, तसं टाकलं तर दोन वर्षं कुजणार नाही. इंदूरला हॉवर्ड यांनी कपाशीच्या आणि तुरीच्या काड्या शेतातल्या रस्त्यावर पसरायची सोय केली होती, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा होई आणि मग त्या ढिगात जात. मी गल्लीत तेच करतो, चार-पाच दिवस फाटकासमोर पसरून ठेवतो, ट्रॅक्टर नि मोटारसायकली जातात-येतात आणि काडी फुटून तंतू मोकळे होतात. एक जपायचं. काडीवर वाळकी, न फुटलेली बोंडं असतील तर ती परसात साठवून ठेवू नका. त्यांत गुलाबी बोंडअळी झोपून राहते आणि पुढच्या हंगामात शेजारच्या शेतात जाते. अशा काड्या लगेच फोडून तापलेल्या ढिगाच्या मध्यभागी घाला.

केळी तर आपल्या घराघरात. घड उतरवला की खोड कापतो आणि कुंपणाशी फेकून देतो. अहो, त्या खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि पालाशही (पोटॅश) भरपूर. एका जाड खोडात बादलीभराहून जास्त पाणी आहे समजा. उभं चिरून दोन-दोन बोटं जाडीच्या चकत्या करायच्या आणि पाल्याच्या प्रत्येक थरावर एकेक पसरायची. चकती हातात घेऊन बघा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आतून पोकळ घरं दिसतात, प्रत्येकात पाणी. ते हळूहळू सुटत राहतं. एप्रिल-मेमध्ये मी ढिगाला नळाचं पाणी निम्म्यानं कमी देतो ते या चकत्यांच्या जिवावर. खोड अख्खं टाकलं तर मात्र त्यात सोंडकिडा घर करतो, म्हणून चिरणं सोडू नका.

उन्हाळी वाळवणांचे दिवस नुकतेच सरले. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवून चीक काढला की उरतो तो चोथा. तुम्ही तो खड्ड्यात ओतला असेल तर त्याच जागी आंबूस वास आणि माश्या आल्या असतील. टाकू नये असं नाही, उलट तो फार सकस आहे. फक्त एका जागी ढीग न करता पातळ पसरायचा आणि त्यावर लगेच वीतभर कोरडा पाला. आंब्याच्या सालींचंही तेच. कोयी मात्र वेगळ्या काढा, त्या कुजत नाहीत, उगवतात. कानबाईच्या, गणपतीच्या, दसऱ्याच्या निर्माल्यातून दोरे, प्लास्टिक आणि जरीचे धागे काढून फुलं टाका. झेंडू लवकर कुजतो.

एका गोष्टीबाबत मी ठाम आहे. राख टाकू नका. हिवाळ्यात भरिताची पार्टी झाली की पऱ्हाटीची राख उरते, आणि "राखेनं खत चांगलं होतं, किडे मरतात" हे वाक्य जो तो सांगतो. कोकणातल्या आंबट मातीला ते लागू असेल. आपली काळी माती मुळातच चुनखडीची, क्षारीकडे झुकलेली, विहिरीचं पाणीही जड. त्यात राख नि चुना घातला की मोगऱ्याची, लिंबाची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. मग आपण दुकानातून लोहाची पुडी आणतो. राख भांडी घासायला ठेवा. तसंच कुलरच्या जुन्या गवताचं. ते लाकडाचंच असतं, कुजतं, पण दोन उन्हाळ्यांचा क्षार त्यावर पांढरा थर धरून बसलेला असतो. मी ते पावसात महिनाभर धुऊन काढल्याशिवाय ढिगात घेत नाही. कुलरचं तळातलं पाणीही कुंड्यांना घालू नका.

शिजलेला भात, भाकरीचे तुकडे, तेलकट भाजी, मांस-मच्छी ढिगात नको. कारण उंदीर. त्याबद्दल पुढं बोलतो.

गांडुळांचं दुःख समजतं, पैसेही गेले आणि जीवही. विकत मिळतात ती बहुतेक लाल, परदेशी जातीची असतात. त्यांना पंचवीस-तीस अंश मानवतात, पस्तीसच्या वर त्यांचा निभाव लागत नाही. एप्रिलमध्ये कोरड्या खड्ड्यात ती जगणं शक्यच नव्हतं. पुन्हा पाळायचीच असतील तर दसऱ्यानंतर आणा, आणि जुना रांजण शोधा, हल्ली घराघरात टाक्या आल्यामुळं रांजण माळ्यावर पडून असतात. तळाला भोक पाडून, सावलीत निम्मा जमिनीत पुरायचा, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळायचं. माती झिरपते आणि आत माठासारखा गारवा राहतो. अर्धवट कुजलेलाच माल त्यात घालायचा, ताजा नाही, नाहीतर तो तापून त्यांना भाजतो. एवढं करूनही माझी मे महिन्यात निम्मी जातात. साध्या ढिगात पावसाळ्यात आपली स्थानिक गांडुळं जमिनीतून आपोआप वर येतात, मला तरी तीच बरी वाटतात.

आता पांढऱ्या अळ्या. प्रत्येक पांढरी वाकडी अळी म्हणजे हुमणी, असं आपण धरून चालतो, कारण ऊस-भुईमुगात हुमणीनं केलेलं नुकसान डोळ्यांनी पाहिलेलं असतं. एक साधी परीक्षा सांगतो. काडीनं अळी उचलून सपाट फरशीवर ठेवा आणि मिनिटभर थांबा. ती उलटी होऊन पाठीवर सरपटायला लागली, पाय वर आणि तरी भराभर पुढं चाललीय, तर ती फुलांवर बसणाऱ्या चकचकीत भुंगेऱ्यांची अळी. डोकं लहान, पाय आखूड. ती फक्त कुजलेलं खाते आणि तिची बारीक काळी लेंडी म्हणजे तयार खत. मी अशा अळ्या नव्या ढिगात उचलून नेऊन ठेवतो. अळी कुशीवर पडून राहिली किंवा पायांवर चालायला बघू लागली, डोकं तांबूस-तपकिरी, पाय लांब, तर हुमणी असू शकते. ती जिवंत मुळं खाते, तेव्हा कुंडीत नको. वेचून कोंबड्या असतील त्यांना घाला, नाहीतर पसरट भांड्यात उघड्यावर ठेवा, साळुंक्या आणि कावळे पाच मिनिटांत फडशा पाडतात. अंगठ्याएवढ्या म्हणालात, म्हणून तिसरी शक्यताही सांगतो: गेंड्या भुंग्याची अळी शेणखतात वाढते आणि खरंच अंगठ्याएवढी होते. परसात नारळ असेल तर ती वेचून काढा, कारण तिचा भुंगा नारळाचा कोंब पोखरतो. नारळ नसेल तर फार मनावर घेऊ नका. आणि तपकिरी, चपट्या, भाताच्या तुसासारख्या खरखरीत अळ्या दिसल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. ओला कचरा त्या झपाट्यानं संपवतात, त्यांची माशी अन्नावर बसत नाही.

दाणेदार विष एकदा ढिगात गेलं की या चारही जाती मरतील, गांडुळं मरतील, आणि ते मेलेले किडे खाणारी साळुंकी नि बेडूकही. शिवाय तेच खत तुम्ही पालक-मेथीला घालणार. नको.

बेडकाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती अजून मनातून जात नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वीचा मे महिना. सकाळी घाईत ढीग पालथा घालत होतो, दाताळं जोरात खुपसलं आणि हाताला काहीतरी मऊ लागलं. बाहेर काढलं तर दाताळ्याच्या एका दातावर बेडूक, पोटातून आरपार. त्याच्या पाठीचे खडबडीत फोड, सोनेरी डोळा, आणि तो डोळा मिटत-उघडत होता. सगळं रान तापलेलं असताना त्या एका ओल्या जागेत तो उन्हाळा काढायला आला होता. तेव्हापासून मी एप्रिल ते पहिला पाऊस ढीग पालथा घालत नाही. फक्त पाणी देतो. खत महिनाभर उशिरा होतं, होऊ द्या. आणि पालथा घालायचा तेव्हा आधी बाजूला दोन-चारदा काठी आपटतो, पाच मिनिटं थांबतो, मग वरून थर थर उचलतो, वरून खाली भोसकत नाही. तुमचा खड्डा उपसताना असंच करा. बेडूक ओल्या गोणपाटात हलकेच उचलून नव्या ढिगाच्या सावलीच्या बाजूला ठेवा. एक बेडूक रात्रभरात किती किडे, गोगलगायींची पिल्लं, वाळवी खातो ते टॉर्च लावून एकदा बघा.

शेजारच्या काकूंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. साप येतो. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप आपल्याकडं आहेत, आणि घोणस पाल्याच्या रंगात अशी मिसळते की पाय पडेपर्यंत दिसत नाही. पण साप बेडकापेक्षा उंदरामागं जास्त येतो, आणि उंदीर खरकट्यामागं नि सांडलेल्या धान्यामागं. म्हणून शिजलेलं अन्न बंद, कोंबड्यांचे दाणे रात्री उघडे नकोत, विटा-लाकडांची अडगळ ढिगाला टेकवून नको, ढिगाभोवती दोन फूट जागा झाडून साफ. ढिगात उघडा हात कधीच घालायचा नाही, पायात बूट, अंधार पडला की टॉर्चशिवाय मागं जायचं नाही. लहान मुलांना हे पाठ करून द्या. दिसलेला साप बहुधा धामण असेल, ती बिनविषारी आणि उंदरांची काळ, पण ओळखायच्या भानगडीत न पडता लांब राहा आणि गावातल्या सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. साप मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाही आहे. कुणाला चावलाच तर बांधाबांध, चिरा देणं, उतारा यांत एक मिनिट न घालवता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा, सापाच्या विषावरची लस तिथंच मिळते.

उंदरांना विषाच्या वड्या घालू नका, ही माझी हात जोडून विनंती. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगत फिरतो. तोच पिंगळ्याला, गव्हाणी घुबडाला सहज सापडतो, आणि ते विष त्यांच्या पोटात जातं. पिंजरा लावा.

आषाढात तयार खताच्या ढिगात वीतभर खाली पांढरी, लांबट, चामड्यासारखी लवचीक अंडी सापडली तर दचकू नका. शेंगदाण्यापेक्षा जराशी मोठी आणि दहा-वीस असतील तर बहुधा बागेतल्या सरड्याची. पुन्हा तशीच झाका, अंडं फिरवून ठेवू नका, त्या कोपऱ्याला खूण करा आणि दोन महिने तिथलं खत घेऊ नका. त्याहून मोठी, एकमेकांना चिकटलेली असतील तर सापाची असण्याची शक्यता आहे, सर्पमित्राला बोलवा.

पाखरं येत नाहीत म्हणालात. नवं घर, नवं परस, सगळीकडं फरशी आणि चार कुंड्या, येतील कशी? ढीग सुरू झाला की पहिल्या येतात साळुंक्या आणि दयाळ, कारण ढिगाभोवती किडे असतात. दयाळ तर मी ढीग उकरत असताना तीन हातांवर येऊन बसतो. घरट्यासाठी मात्र दाटी लागते. कुंपणाला तारेऐवजी मेंदी लावा, तीन वर्षांत बुलबुल घरटं करतो. शेवगा एक असू द्या, हिवाळ्यात त्याच्या फुलांवर शिंजीर आणि माश्या तुटून पडतात. जास्वंद, कर्दळ, अडुळसा, तुळस. कुंपणाबाहेर रुई उगवली असेल तर उपटू नका, नारिंगी-काळ्या फुलपाखराच्या अळ्या तिच्यावरच वाढतात. कढीपत्त्याची दोन झाडं लावा, एक स्वयंपाकाला आणि एक फुलपाखराला. त्याच्या पानावर चिमणीच्या शिटेसारखं काहीतरी दिसेल, बोट लावायच्या आधी नीट बघा, ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असते. आठवड्यात कात टाकून हिरवीगार होते. कोथिंबीर, शेपू, मोहरीची दोन-चार रोपं फुलोऱ्यावर जाऊ द्या, त्या बारीक फुलांवर मावा खाणारे ढालकिडे जमतात, आणि मग वांग्या-मिरचीवर फवारायची वेळ कमी येते.

पाण्यासाठी पसरट मातीचं भांडं, दोन इंचांहून खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड, म्हणजे चिमणीला उभं राहता येतं आणि माशी बुडत नाही. सावलीत, पण झुडपाला खेटून नको, मांजर दबा धरते. दर तीन दिवसांनी घासून धुवायचं. आठवडाभर पाणी तसंच राहिलं तर त्यात डेंग्यूचे डास होतात, आणि मग लोक भांडीच काढून टाकतात.

खत तयार झालं हे नाकानं कळतं, पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. खात्री हवी तर वाटीभर खतात मेथीचे दहा दाणे पेरा. आठ-नऊ उगवून हिरवे राहिले तर वापरा, पिवळे पडले तर अजून महिनाभर थांबा. कुंडीला काळी माती एक भाग, जाड रेती एक भाग, खत एक भाग. नुसती काळी माती कुंडीत विटेसारखी होते. वाफ्यात दोन बोटं जाड थर वरून घालून त्यावर पाल्याचं आच्छादन.

राहिला तुमच्या मुलाचा प्रश्न, त्यानं विचारलंय की बेडूक बरणीत पाळता येईल का. त्याला म्हणावं, पाळायची गरज नाही. फुटक्या माठाचा अर्धा तुकडा ढिगाच्या सावलीत पालथा ठेव, खाली मूठभर ओला पाला, शेजारी बशीभर पाणी. पहिल्या पावसानंतर रात्री आठच्या सुमारास आईबरोबर टॉर्च घेऊन जा आणि लांबूनच त्या माठाखाली उजेड टाकून बघ.